ठकीच्या आवाजाची तपासणी

मुलांच्या अभिनय शिबिराला पैसे मोजावेत की मोजू नयेत, हे हल्ली लोक मला विचारतात. जिन्यात विचारतात, न्हाव्याकडे मानेला साबण लागलेला असताना विचारतात, आणि परवा एका दुकानदाराने तर मी त्याचा काटा तपासत असताना, दोन वजनांच्या मध्ये, विचारलं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. गेली एकोणीस वर्षं लोकांचं एक किलो खरोखर एक किलो आहे की नाही, हे मी सांगत आलो आहे. तेव्हा पैसे देऊन घेतलेली वस्तू पुरेपूर मिळाली का, यावर माझं मत असणारच, असा लोकांचा समज आहे. मत आहे. पण ते सांगायचं तर सगळी हकिकत सांगावी लागते, आणि त्या हकिकतीत मी फारसा शोभून दिसत नाही.

आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात तिला ठकी म्हणतात. ठकी घरात बोलते. इतकी बोलते की तिच्या आईला कधीकधी कपाळाला बाम लावावा लागतो. पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की तिच्या तोंडाला कुलूप. पाहुणे, डॉक्टर, दुकानदार, शाळेतल्या बाई, यांपैकी कुणीही तिचा आवाज ऐकलेला नव्हता. आम्ही त्याची काळजी करत नव्हतो. मीही लहानपणी असाच होतो, असं माझी आई सांगायची. ते मी बायकोला सांगितलं नव्हतं, कारण घरातल्या दोषांचा उगम कुणाच्या बाजूला आहे याची नोंद आमच्याकडे फार काटेकोर ठेवली जाते.

शाळेतही दोन वर्षं निभावलं. हजेरीला ठकीचा क्रमांक तेवीस, तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा चोवीस. मैत्रीण दोनदा 'हजर' म्हणायची. यंदा मात्र वर्गावर नव्या बाई आल्या आणि त्यांचे कान तिखट निघाले. तेवीस आणि चोवीस या दोघींना एकाच दिवशी सर्दी होते आणि एकाच दिवशी ती बरी होते, हे त्यांच्या लक्षात आलं. प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेलं. त्यांनी फळ्यावर नियम लावला: प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात हजेरी द्यावी, आवाज न आल्यास गैरहजर समजावे. तेव्हापासून ठकी दुसऱ्या बाकावर बसून रोज गैरहजर राहू लागली.

हे आम्हाला कळलं ते चिठ्ठीवरून. 'आपली पाल्य सलग सत्तावीस दिवस शाळेत आलेली नाही, तरी तिच्या प्रकृतीविषयी कळवावे,' असं तिच्यात लिहिलं होतं. ही चिठ्ठी ठकीनेच शाळेतून आणून दिली.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेच्या कचेरीत गेलो. तिथले लिपिक शांत माणूस. त्यांनी हजेरीपट उघडून माझ्यापुढे फिरवला आणि सत्तावीस फुल्या दाखवल्या.

"पण ती येत होती," मी म्हणालो.

"पटावर नाही येत."

"या सत्तावीस दिवसांतच चाचणी झाली. तिला गणितात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस आहेत. गैरहजर मुलीला अठ्ठेचाळीस कसे मिळतील?"

लिपिकांनी दुसरा एक पट काढला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "आहेत अठ्ठेचाळीस. मुलगी हुशार दिसते. शाळेत पाठवत जा."

सरकारी माणसाला सरकारी माणूस भेटला की दोघांनाही एकमेकांबद्दल आदर वाटतो, तसा मला त्या क्षणी वाटला, आणि त्या आदराचा मला फार त्रास झाला.

बाईंची भेट मधल्या सुट्टीत झाली. बाई वाईट नव्हत्या. "साठ मुलं आहेत, हजेरीला मला चार मिनिटं मिळतात," त्या म्हणाल्या. "नियम माझा नाही. आणि शाईच्या फुल्या खोडता येत नाहीत." मग त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. आणखी दोन महिने असेच गेले तरी चालतील; पण त्यानंतर वर्ष संपेपर्यंत एकही फुली पडली, तर ठकीची हजेरी कमी भरेल आणि तिला याच वर्गात पुन्हा बसावं लागेल. मैत्रीण पुढे जाईल, ठकी मागे राहील. "तिला कुठेतरी धीट करा," बाई म्हणाल्या. "ती अभिनयाची शिबिरं असतात ना, तिथे घाला."

घरी येऊन मी ठकीला नुसतं 'हजर' म्हणून दाखवायला सांगितलं. तिने ते वीस वेळा, वीस प्रकारांनी, स्वयंपाकघर दणाणून जाईल असं म्हणून दाखवलं. "मग वर्गात का नाही म्हणत?" असं विचारल्यावर ती जी गप्प झाली ती जेवेपर्यंत. रात्री अंथरुणात तिने आईला एवढंच विचारलं की चोवीस नंबर पुढच्या वर्गात गेला तर त्याच्या शेजारी कोण बसेल. मला ते बायकोने सांगितलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी पद्धतशीरपणे कामाला लागतो.

आधी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. घेतला म्हणजे काय, तो येतच होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक विमावाले राहतात. त्यांच्या मुलाची तीन शिबिरं झालेली. "पैसे वसूल," ते म्हणाले. "आमचा मुलगा आता कुठेही उभा करा, पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी काढतो." त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "हो, आणि पोट खरोखर दुखलं तेव्हा दोन दिवस आम्ही टाळ्या वाजवत बसलो." वरच्या मजल्यावर न्यायालयातले निवृत्त लघुलेखक राहतात. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं असल्यामुळे स्वतः बोलायची त्यांची फार इच्छा राहून गेली आहे. त्यांनी सांगितलं की गप्प साक्षीदार सगळ्यात महाग पडतो. हे ठकीला कसं लागू पडतं हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते बसले असते.

मग मी शिबिरं पाहायला निघालो. पहिल्या ठिकाणी गुळगुळीत पत्रकावर 'तीस दिवसांत आत्मविश्वास दुप्पट' असं छापलं होतं. मी व्यवस्थापकांना विचारलं, "सुरुवातीला किती आहे हे कसं मोजता?" ते म्हणाले, "साहेब, तो दिसतोच." मी म्हणालो, "दुप्पट झाला हे कळायला आधीचा आकडा लागतो." त्यांनी मला फोटोंचा संग्रह दाखवला. प्रत्येक फोटोत एक मूल हात पसरून उभं होतं. दुसऱ्या ठिकाणी मुलाला चित्रपटात काम मिळण्याची शक्यता सांगत होते. मी ती लेखी मागितल्यावर त्यांनी चहा मागवला आणि विषय हवापाण्यावर नेला.

तिसरं शिबिर एका धोब्याच्या दुकानावरच्या दिवाणखान्यात चालत होतं. पत्रक नव्हतं, फोटो नव्हते. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई बारीक, पन्नाशीच्या, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणाऱ्या. ही सवय इतकी दुर्मीळ आहे की मला आधी वाटलं त्यांना कमी ऐकू येतं.

"हमी काय?" मी विचारलं.

"नाही."

"म्हणजे लेखी नाही?"

"कुठलीच नाही," ताई म्हणाल्या.

माझ्या खात्यात अशा माणसाला दंड तरी होतो किंवा बढती तरी. मी उठणार होतो, पण ठकी तोपर्यंत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जाऊन, चपला काढून, इतर मुलांच्या रांगेत बसली होती. मी फी भरली.

पहिल्या शनिवारी मी दाराबाहेर बाकावर बसलो. तासभर आतून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी आत डोकावलो तर सोळा मुलं जमिनीवर डोळे मिटून पडलेली. "दगड आहेत," ताई हळूच म्हणाल्या. "पहिले दोन आठवडे कुणी बोलायचं नाही." मी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने हातातली कणीक तशीच ठेवली. "अहो, बोलत नाही म्हणून घातलं ना तिला? आणि तिथे पैसे घेऊन गप्प बसवतात?" मी म्हणालो, तिथल्या सोळा मुलांत ठकी सगळ्यात उत्तम दगड आहे असं ताई म्हणाल्या. हे मी अभिमानाने म्हणालो की कसं, मला आठवत नाही, पण बायकोने ते अभिमानाने घेतलं नाही.

इथे माझ्या हातून ती चूक झाली.

काटा तपासायचा तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचं नाही, स्वतःचं वजन घेऊन जायचं, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकलो. म्हणून मी ठकीचीही स्वतंत्र तपासणी सुरू केली. दर रविवारी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात एक वस्तू आणायला पाठवायचं. चिठ्ठी द्यायची नाही. मी रस्त्याच्या पलीकडे खांबाआड उभा राहून वहीत नोंद करणार. पहिल्या रविवारी तिने अंगाचा साबण बरोबर आणला. मला आनंदाचं भरतं आलं. नंतर कळलं, साबण समोरच मांडलेला होता, तिने बोट दाखवलं. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम आतल्या फडताळात ठेवतात ते सुईचं पाकीट सांगितलं. तिने दुकानदारासमोर फाटका कपडा शिवून दाखवला. हातात सुई नाही, दोरा नाही, कपडा नाही. दुकानदाराने सुया दिल्या आणि वर म्हणाला म्हणे, 'जपून, टोचेल.' वहीत मी लिहिलं: अभिनय, उत्तम. आवाज, निरंक. तिसऱ्या रविवारी मी पाव किलो मीठ सुटं आणायला सांगितलं.

सुटं मीठ म्हटलं की तोलणं आलं. दुकानदाराने तागडी हातात घेतली आणि नेमकी त्याच वेळी त्याची नजर रस्त्यापलीकडच्या खांबाकडे गेली. तिथे वजनमापे निरीक्षक वही उघडून उभा होता. पुढे उभी असलेली मुलगी तीन रविवार येत होती, एक शब्द बोलत नव्हती, आणि दर वेळी काहीतरी वेगळंच मागत होती. त्याने दोनात दोन मिळवले. मीठ त्याने पाव किलोच्या जागी जवळजवळ अर्धा किलो दिलं आणि सोमवारी माझ्याच कार्यालयात तक्रार केली.

मला ज्ञापन मिळालं. 'अल्पवयीन मुलीचा बनावट ग्राहक म्हणून वापर केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' एकोणीस वर्षांत मी अशी ज्ञापनं दुसऱ्यांना बजावली होती. आपल्या नावाचा कागद हातात घेतला की तो इतका जड लागतो हे मला माहीत नव्हतं. मी खुलासा लिहिला: 'सदर मुलगी ही माझीच मुलगी असून मी तिच्यामार्फत दुकानदाराची नव्हे, तर दुकानदारामार्फत मुलीची तपासणी करत होतो.' वरिष्ठांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "हे जास्त वाईट आहे, हे तुमच्या लक्षात येतंय ना?"

त्या संध्याकाळी ठकीने दारातच विचारलं, "बाबा, तुम्ही खांबामागे का उभे असता?" तिला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे तुम्ही पण वहीच बघत होता," एवढं म्हणून ती आत गेली. तपासणी मी बंद केली.

शिबिर मात्र चालू होतं आणि दोन महिने संपत आले होते. शेवटच्या शनिवारी मुलांचा प्रयोग होता. वही सुटली तरी खोड सुटत नाही. निदान शेवटच्या दिवसाला तरी त्रयस्थ पंच असावेत म्हणून मी शाळेतल्या बाईंना रीतसर पत्र देऊन बोलावलं. ठकी चारचौघांत बोलली, तर त्यांच्या कानांनी ऐकलेलं असावं. दुसरे पंच म्हणून लघुलेखक आपणहून आले. त्यांनी पेन्सिलींना टोक करून आणलं होतं. विमावाले सहकुटुंब आले. दिवाणखान्यात साठेक माणसं दाटीवाटीने बसली.

प्रयोग नदीचा होता. मुलं नावाडी झाली, मासे झाली, दोघं भांडणारे काठ झाले. ठकी पूल झाली होती. सगळी मुलं तिच्या पसरलेल्या हातांखालून गेली आणि तिने शेवटपर्यंत हात खाली येऊ दिले नाहीत. सुंदर पूल होता. पण पूल बोलत नाही. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. सोमवारपासून एकही फुली चालणार नव्हती. 

मग ताई म्हणाल्या, "आता एकेका पालकाने मुलाशेजारी उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं आणि मुलाबद्दल एक वाक्य बोलायचं. बस्स."

विमावाले गेले आणि एकाऐवजी अकरा वाक्यं बोलले. मग माझी पाळी. मी वाक्य तयार केलं होतं. पुढे गेलो, ठकीशेजारी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नाव ठाऊक होतं. ते घशापर्यंत येत होतं, तिथे उभं राहत होतं आणि परत जात होतं. एवढे डोळे मी फक्त दुकानदारांवर रोखलेले पाहिले होते, स्वतःवर कधी नाही. "नाव सांगा, नाव," विमावाले पुढून कुजबुजले. कुणी हसलं. मागून कुणीतरी माझं नाव मलाच सांगितलं. बायको ओठ हलवून दाखवत होती. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. प्रत्येक मदतीबरोबर ते नाव आणखी एक पायरी खाली उतरत होतं. कान तापले. आपण इथून पळून जावं आणि जन्मात या लोकांना तोंड दाखवू नये, असं मला वाटलं. आणि मग लक्षात आलं की ठकीला हे रोज सकाळी होतं, आणि तिला पळूनही जाता येत नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"कुणी बोलू नका. बाबांना येतंय. थोडं थांबा."

आवाज मोठा नव्हता. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण सगळे थांबले. विमावालेसुद्धा थांबले. ठकी माझ्याकडे बघतही नव्हती. ती समोर लोकांकडे बघत होती, पहारेकऱ्यासारखी. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. लघुलेखकांच्या वहीत त्या जागी एक लांब रेघ आहे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस वर्षांत त्यांनी एवढी लांब रेघ ओढली नव्हती. शेवटी मी नाव सांगितलं. बरोबर सांगितलं, असं बायको म्हणते. वाक्य राहूनच गेलं. ते कुणी मागितलंही नाही.

जिना उतरताना शाळेतल्या बाई माझ्यापुढे होत्या. त्या ठकीच्या आवाजाबद्दल काही बोलतील म्हणून मी रेंगाळलो. त्या खाली धोब्याच्या दुकानापाशी नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "साठ नावं आहेत हो," आणि गेल्या. मला ते नकारासारखं वाटलं. रविवारभर आमच्या घरात कुणी शाळेचं नाव काढलं नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि घराच्या दारात उभा राहिलो. खांबाआड नाही, दारात. ठकी आली. दप्तर काढलं, पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला. शेवटी तिच्या आईलाच राहवलं नाही.

"हजेरी झाली?"

"झाली."

"मग?"

"बाईंनी माझं नाव घेतलं आणि पेन खाली ठेवलं," ठकी म्हणाली. "चोवीस म्हणाल्याच नाहीत. वाट बघत बसल्या. कुणाला बोलूही दिलं नाही."

"आणि तू?"

"मी म्हटलं हजर."

बायको मटकन खुर्चीत बसली. मला काहीतरी विचारायला हवं होतं, आणि एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून तेच आलं. "किती वेळ लागला?"

ठकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटू नये याची काळजी घेत, जरा हळू आवाजात ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा कमी."